आवणीची गैरहजेरी

मॅडम शांत असल्या की अगदी पुणेरी बोलायच्या. चिडल्या की 'नाही'चं 'न्हाई' व्हायचं, आणि मग समोर प्राचार्य असोत की शिपाई, कुणाची धडगत नसायची. आमच्या कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नवी नेमणूक, आणि ती द्यायची की नाही हे प्राचार्यांच्या मर्जीवर. तरी तोंड बंद ठेवणं बाईला कधी जमलं नाही.

हजेरी घेताना त्या गैरहजेरीचं कारण विचारून नावापुढं लिहायच्या. "नुसता 'ए' लिहून काय कळतं? पोरगी मेली का जगली?" जुलैत मी आणि वर्गातल्या माझ्या दोन मैत्रिणी, आम्हा तिघींपुढं एकच कारण होतं, आवणी. आई एकटी दुसऱ्याच्या खाचरात वाकून भात लावणार आणि मी वर्गात बसणार, हे आमच्या घरात शक्यच नव्हतं. मग ऑगस्टभर दर शनिवारी मॅडमनी आम्हाला बसवून बुडलेलं सगळं शिकवलं. वर दम, "कंबर दुकती हे मला सांगायचं न्हाई. माजीबी दुकती."

ऑक्टोबरात यादी लागली. हजेरी कमी, परीक्षेला बसता येणार नाही. माफी फक्त आजारपणाला, तीही डॉक्टरच्या दाखल्यावर. मी येडी, अर्जात खरं लिहिलं, 'आईबरोबर आवणीला होते.' ज्यांच्या खाचरात आम्ही राबलो त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. तीही ते सगळे दिवस बांधावर जेवण घेऊन येत होती. तिनं टायफॉइडचा दाखला दिला आणि सुटली. तिच्यावर राग नाही माझा. राग आहे तो दाखला हसत हसत घेणाऱ्यांवर. "तूही आण की एखादा," प्राचार्य मला म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे." सारखा म्हणे! अजून आठवलं की डोकं फिरतं.

मॅडम तिथंच उभ्या होत्या. "सर, खोटा ताप तुमाला चालतो, आन् खरा चिखल चालत न्हाई व्हय?" शनिवारच्या तासांची वही, आमच्या सह्यांसकट, त्यांनी टेबलावर आपटली. "हे तास मी घेतल्यात. हिला बसू द्या, न्हाईतर टायफॉइडवाल्या सगळ्यांची नावं घेऊन मी विद्यापीठात जाते." प्राचार्यांनी माझ्या अर्जावर सही केली. बाकीच्या दोघी यादी लागली त्या दिवसापासून कॉलेजात फिरकल्याच नव्हत्या.

जूनमध्ये मॅडमची नेमणूक आली नाही. कारण सांगायचीही कुणाला गरज वाटली नाही. मी पास झाले आणि पेढे घेऊन वराळ्याला त्यांच्या घरी गेले.

"पास झालीस, ब्येस झालं. त्या दोघी कुटं हायत?"

"एक जण नवलाख उंबरे गावात कंपनीत पॅकिंगला लागली. दुसरीचं काय माहीत न्हाई."

त्यांनी पुडा उघडलाच नाही. "माजी नोकरी तुज्या एकटीसाटी गेली व्हय गं?"

असा राग आला मला! चहासुद्धा न घेता उठले, वाटभर रडले, मनात त्यांना नाही नाही ते बोलले. दुसऱ्या दिवशी बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म आणला आणि नवलाख उंबऱ्याला कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिले. शिफ्ट सुटली. ती बाहेर आली, मला बघून तोंड फिरवून चालायला लागली.

मी मागं पळत ओरडले, "थांब की गं! तुज्यापायी बोलणी खाल्लीत मी. आधी हा फॉर्म भर, मग काय रुसायचंय ते रूस."