निघताना भरलेलं स्वयंपाकघर

व्हिसा संपायला पाच आठवडे उरले होते आणि आमच्या हॉलमध्ये कार्गोची सहा खोकी तोंड उघडून बसली होती. बहारीन कायमचं सोडणारी माणसं या दिवसांत घर रिकामं करतात. आमच्याकडे नवरा स्वयंपाकघर भरत होता.

हे बावीस वर्षं सीफमधल्या एका हॉटेलच्या फ्रेंच स्वयंपाकघरात होते. आचारी म्हणून नव्हे. कांदे चिरायचे, भाज्या सोलायच्या, हाडं उकळून त्यांचं पाणी काढायचं आणि ते पातेलं पुढच्या माणसाच्या हवाली करायचं. त्याचं पुढे काय व्हायचं ते पुढचा माणूस जाणे. नोकरी संपल्यावर यांनी मला सांगितलं की गावी जाण्याआधी एक पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातानं करायचाय आणि मला वाढायचाय. कांद्याचं सूप. मी म्हटलं, करा की. सुपाला असा किती वेळ लागणार? इथेच माझं चुकलं.

आधी आलं ते झाकणाचं लोखंडी भांडं. दोन हातांनी उचललं तरी माझं मनगट लचकलं. माझी जाड बुडाची दोन पातेली ओट्यावर दिसत होती, पण ती चालणार नव्हती, त्यांत कांदा नीट लालसर होत नाही म्हणे. हे भांडं गावी न्यायचंच, असं यांनी परस्पर ठरवलं आणि एका खोक्यातून दोन ब्लँकेटं आणि जावेसाठी घेतलेली दुधाची पावडर बाहेर काढली. जावेला काय सांगायचं ते अर्थातच माझ्यावर सोडलं.

मग बिनमिठाचं लोणी आलं, घरात तुपाची बरणी भरलेली असताना. थाइमच्या काड्या आल्या. दिसायला ओव्याच्या भावकीतल्या, आणि भाव मात्र केशराच्या वरताण. ओव्हनमध्ये न तडकणाऱ्या वाट्या आल्या. चीजसाठी सीफला दोन खेपा झाल्या, कारण पहिलं चीज तव्यावर वितळून धड पसरेना. खाटकाकडे नुसती हाडं मागितली तेव्हा त्यानं मला विचारलं, मांजरं पाळलीत का?

भरीस भर म्हणजे यांनी मोबाइलवर सावकाश जगण्याचे व्हिडिओ बघायला घेतले. घाई करू नये. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. खिडकी उघडून सकाळचं ऊन आत घ्यावं. आम्ही राहतो मआमीरला. ऑगस्ट महिन्यात यांनी खिडकी उघडली आणि कारखान्यांकडचा सगळा वास घरात घेतला. मग खिडकी बंद आणि एसी पुन्हा जोरात. जन्मभर ओट्याशी उभ्यानं दोन घास कोंबून ड्युटीला पळालेला हा माणूस मला सांगत होता की जेवणाला तासभर तरी द्यावा. विजेचं खातं बंद करणं, बँक, आयडी कार्ड, घरमालक या सगळ्या रांगांत मी उभी होते. माझं जगणं काही सावकाश होत नव्हतं. मुलीकडे फोनवर तक्रार केली तर ती म्हणाली, "लेट हिम बी, आई." लेट हिम बी म्हणायला तिचं काय जातं, खोकी तिला बांधायची नव्हती.

शेवटी एका शुक्रवारी मुहूर्त लागला. सकाळी सातला हाडं चढली. दहाला कांदे पडले आणि पुढचे दोन तास हे नुसते ढवळत राहिले. तेवढ्यात माझ्या भाकऱ्या, आमटी, भाजी आणि भात दोनदा झाला असता. मी एकदा हळूच गॅस मोठा करायला गेले तर यांनी माझा हात बाजूला केला.

सुपावर पाव आणि चीज ठेवून वाटी भाजायची असते म्हणून दोन वाजता यांनी ओव्हन तापत ठेवला. आमच्या घरात त्या ओव्हनमध्ये आजवर काहीही भाजलेलं नाही. ते माझं कपाट आहे. तवे, पापडांचा डबा आणि आईनं कुटून पाठवलेल्या मालवणी मसाल्याच्या चार पिशव्या तिथे असतात. हॉटेलात बावीस वर्षं काढलेल्या या माणसाच्या मनात ओव्हन आधी उघडून बघावा हे आलंच नाही. प्लास्टिक वितळलं, मसाला पेटला आणि ठसक्यानं दोघांचे डोळे वाहायला लागले. ओव्हनमध्ये मसाला कोण ठेवतं, असं यांनी मलाच विचारलं. वर म्हणाले, आता गावीच तर चाललोय, तिथे मिळेल की. आईचे आता हात चालत नाहीत, तो शेवटचा मसाला होता. मी ते तोंडावर सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन खोकं भरत बसले. त्यांच्या सुपाला मी आता शिवणार नव्हते.

तासाभरानं हे दारात आले. ओव्हन घासून झाला, वाटी तयार आहे, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच जेवा. हे हलले नाहीत.

"बावीस वर्षांत माझ्या हातचं खाताना मी कुणाचं तोंड बघितलेलं नाही गं," हे म्हणाले. "आमचं दार बंद असायचं. वाट्या रिकाम्या परत यायच्या, कधी अर्ध्या यायच्या. अर्धी का टाकली, ते कुणी कधी आत येऊन सांगितलं नाही."

मी उठले. राग गेला नव्हता, पण उठले. यांनी स्वतःला वाढून घेतलंच नाही, दोन्ही हात टेबलावर ठेवून समोर बसले. मी चमच्यानं चीज फोडून खालचा कांदा घेतला. तो इतका गोड झाला होता की मला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचाही संताप आला.

"कसं झालंय?" यांनी विचारलं.

छान झालंय म्हणून मोकळं होता आलं असतं. "मीठ कमी पडलंय," मी म्हटलं. "आणि पाव कडेला करपलाय."

हे कान देऊन ऐकत होते. मान डोलावली आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

"आणखी?"

मी आणखी एक घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि सांगायला लागले.