लाल गाडीतला उजव्या सीटवरचा माणूस

मे महिन्यातला रविवार, दुपारी चारची वेळ. भाडं ठरलं होतं पंधरा हजार रुपये. त्यातले पाच हजार आगाऊ दिलेले होते, दहा हजार यायचे होते. महाळुंगे पडवळला नवरदेवाच्या दारात हजर होते ते नवरदेव, त्याचे वडील, आठ-दहा मित्र, गाडीचे मालक आणि गाडीचा ड्रायव्हर. मी तिथे नव्हतो. पण त्याच संध्याकाळी एक माणूस मेला आणि तपास माझ्याकडे आला, म्हणून त्या दारात कोण काय बोललं ते मला ठाऊक आहे. नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. हे मिसळलं नाही.

आधी गाडीविषयी सांगतो. जुन्नरच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेलं एक जैन कुटुंब आहे. दोन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, घरातही मराठीच बोलणारं. त्यातल्या थोरल्या शेठच्या वडिलांनी मुंबईहून एक जुनी अमेरिकन स्पोर्ट्‌स कार विकत आणली होती. लाल रंग, दोनच दारं, लांबलचक बॉनेट, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. स्टिअरिंग अमेरिकन पद्धतीने डाव्या हाताला. एकेकाळी ही गाडी पेठेतून निघाली की दुकानदार गिऱ्हाईक सोडून ओट्यावर येत. मग शेठ ती लग्नात परण्यासाठी भाड्याने देऊ लागले. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात ती मिरवणूक. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत वीस-पंचवीस वर्षं असा काळ होता, की लाल गाडीची तारीख मिळत नाही म्हणून लोकांनी मुहूर्त बदलले.

त्या रविवारच्या नवरदेवाच्या वडिलांचा परण्याही याच गाडीतून निघाला होता. मुलाचाही तसाच निघावा ही त्यांची हौस. जुनं गिऱ्हाईक म्हणून शेठ स्वतः गाडीबरोबर गेले. एरवी ते जात नसत. गाडी ड्रायव्हरच नेई. हा ड्रायव्हर घाटघरच्या बाजूचा, नाणेघाटाजवळच्या डोंगरातला. घरी थोडी भाताची आणि नाचणीची खाचरं. बावीस वर्षं तो ही एकच गाडी चालवत होता.

दारात मित्रांनी काळी जीप आणून उभी केली होती. वर छप्पर उघडणारी, पुढे दिव्यांची पट्टी, मागे स्पीकर. नवरदेव लाल गाडीत बसायला तयार होईना. वडिलांनी समजावलं, मग आवाज चढवला. त्यावर एक मित्र शेठना म्हणाला, "काका, राग मानू नका. पण हिच्यात बसल्यावर नवरदेव दिसतो का कुणाला? फेटा तेवढा दिसतो."

सगळे हसले. शेठही हसले, असं नवरदेवाच्या वडिलांनी जबाबात सांगितलं. परण्या निघाला. नवरदेव जीपच्या छपरातून कमरेपर्यंत बाहेर, गॉगल लावून. लाल गाडी सगळ्यांच्या मागे, रिकामी. तिच्याबरोबर कुणी फोटो काढला नाही. देवळापाशी नवरदेवाच्या वडिलांनी शेठना बाजूला घेऊन उरलेले पैसे देऊ केले. शेठनी ते घेतले नाहीत आणि जेवायलाही थांबले नाहीत.

सहा वाजायच्या सुमारास ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. हायवेला मिळणाऱ्या आतल्या रस्त्यावर रसवंतीसमोर माणूस उडवलाय, गाडी लाल, जुन्नरच्या शेठची, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. ठाणे अंमलदाराने डायरीला नोंद घेतली आणि आम्ही निघालो. मयत अठ्ठेचाळीस वर्षांचा, पश्चिमेकडच्या डोंगरातलाच, कांदा काढणीच्या मजुरीला खाली आलेला. रस्त्याच्या डाव्या कडेने एसटीच्या थांब्याकडे चालला होता. हातात पिशवी होती. पिशवीत बायकोसाठी नवी चप्पल होती, ती मात्र फाटली-तुटली नव्हती. पंचनाम्यात हे लिहावं लागतं, म्हणून लक्षात राहतं.

आम्ही जुन्नरला पोचायच्या आत ड्रायव्हर स्वतःहून तिथल्या ठाण्यात हजर झाला होता. गाडी मी चालवत होतो, शेठ शेजारी बसले होते, माझ्या हातून झालं, असं सांगत होता. गाडी शेठच्या गोदामात ताडपत्रीखाली मिळाली. डावा दिवा फुटलेला, डावीकडचं बॉनेट चेपलेलं. रसवंतीवाल्या बाईने ड्रायव्हरला बघताच ओळखलं. म्हणाली, "ह्योच मिशीवाला. ह्योच चालवत व्हता."

कबुली होती, साक्षीदार होता, गाडी होती. माझे हवालदार म्हणाले, साहेब, आठ दिवसांत दोषारोपपत्र जाईल. पोलिसापुढची कबुली न्यायालयात पुरावा होत नाही, पण साक्षीदार इतका पक्का असल्यावर कबुलीवर अडणार नव्हतं.

मला मात्र आपण होऊन हजर होणाऱ्या माणसाकडे दोनदा बघायची सवय आहे. अपघात केलेला माणूस ठाण्यात येतो तेव्हा आधी स्वतःची बाजू सांगतो. समोरून टेम्पो आला, तो मध्येच आडवा आला, ब्रेक लागला नाही, असं काहीतरी. या माणसाने एकही कारण सांगितलं नाही. कोरडेपणाने फक्त कबूल होत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्देमाल म्हणून आणलेली गाडी ठाण्याच्या आवारात उभी होती. मी बाईचा जबाब हातात घेऊन गाडीपाशी गेलो. जबाबात होतं, लाल गाडी पुढच्या काळ्या जीपला मागे टाकायला रस्त्याच्या उजव्या अंगाला आली, बाईच्या रसवंतीला चाटूनच. चालवणाऱ्याचा हात माझ्या बाजूच्या काचेतून बाहेर होता, तो "थांबा, थांबा" असं ओरडत होता. समोरून टेम्पो आला, गाडी एकदम डावीकडे वळली आणि पलीकडच्या कडेच्या माणसावर गेली.

बाईने मिशीवाल्याला पाहिलं ते आपल्या बाजूच्या खिडकीत, म्हणजे गाडीच्या उजवीकडे. आपल्याकडे उजवीकडे बसतो तो ड्रायव्हर. बाईने तेच धरलं, आणि जन्मभर एसटी आणि टेम्पो बघितलेल्या कुणीही तेच धरलं असतं. पण या गाडीच्या उजव्या सीटपुढे स्टिअरिंगच नाही. शिवाय चालवणारा माणूस "थांबा" कुणाला म्हणेल?

डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची एक अडचण असते. पुढच्या वाहनाला मागे टाकताना चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. त्यामुळे उजव्या बाजूचा माणूस मान बाहेर काढून बघतो, "येऊ द्या" म्हणतो किंवा "थांबा" म्हणतो. चालवणारा त्याच्यावर भरवसा ठेवतो.

मी ड्रायव्हरला गाडीपाशी बोलावलं आणि एवढंच विचारलं, की तू थांबा कुणाला म्हणालास.

तो म्हणाला, "तेवढं लिवू नका, सायेब."

मी त्याला सांगितलं, मेलेला माणूस तुझ्याच डोंगरातला आहे. उद्या सुटून वर गेलास तरी तिथे तू आपला माणूस मारणारा म्हणून राहशील. हा विचार केलास का?

"केला," तो म्हणाला. "पर शेठ सत्तरीचं हायेत. त्येंनी माझ्या पोरीला नर्सिंगला घातली. आन् त्येंनी कवा मुंगी मारली नाय वो. त्येंना ह्ये झेपनार नाय. मला झेपंल."

कुणी सांगितलं हे कबूल व्हायला, असं विचारल्यावर त्याने कुणाचं नाव घेतलं नाही. शेठच्या धाकट्या भावाने दोन लाख रुपये बाजूला काढून ठेवले होते, हे पुढे उघड झालं. पण ड्रायव्हर पैशासाठी आला होता असं मला त्या दिवशी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

शेठना संध्याकाळी बोलावलं. ते एकटेच आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी. मी पाणी मागवलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, दिवस मावळला होता, जैन रिवाजाप्रमाणे आता पाणीही चालत नव्हतं, त्यांनी पेला हलकेच बाजूला सरकवला. मी बाईचा जबाब त्यांना वाचून दाखवला. "थांबा, थांबा" या शब्दांपाशी त्यांनी हात वर केला आणि पुढचं सगळं आपणच सांगितलं.

परतताना काळी जीप बर्फ आणायला त्याच रस्त्याने निघाली होती. पोरांनी गाडीशेजारून जाताना, "काका, धक्का देऊ का?" असं ओरडून विचारलं आणि पुढे गेले. शेठनी गाडी थांबवायला लावली. ड्रायव्हरला उजवीकडे बसवलं आणि स्वतः चालवायला बसले. सात-आठ वर्षांत त्यांनी ती चालवली नव्हती. त्यांना फक्त एकदा त्या जीपच्या पुढे जायचं होतं. ड्रायव्हर थांबा म्हणाला ते त्यांना ऐकू आलं होतं.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "पण तेव्हा मी कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो."

जबाबावर सही करून ते उठले आणि आवारात गाडीपाशी थांबले. मग मला म्हणाले, "साहेब, तुम्ही परके आहात म्हणून विचारतो. घरचे खरं सांगत नाहीत. ही गाडी अजून भारी दिसते का?"

असा प्रश्न मला आरोपीने कधी विचारला नव्हता. मी आवारातल्या दिव्याच्या उजेडात गाडीकडे नीट बघितलं. एक बाजू चेपली होती, तरी ती देखणी होती, यात शंका नाही. शेजारच्या पिंपळाखाली दोन तरुण शिपाई उभे होते. सकाळपासून ते कितीतरी वेळा तिच्याजवळून गेले होते आणि मान वळवून बघितलं नव्हतं.

"गाडी चांगलीच आहे," मी म्हणालो. "पण आताच्या पोरांना गाडीत बसायचं नसतं, शेठ. वर उभं राहायचं असतं."

ते मान हलवून चालू लागले.

फोन जीपमधल्याच एका मुलाने केला होता. आरशात त्यांना लाल गाडी वळताना आणि माणूस उडताना दिसला होता, कोण चालवतंय ते दिसलं नव्हतं. ते बर्फ घेऊन लग्नाला परत गेले आणि रात्री नाचले. त्यांच्यावर कलम लागत नव्हतं.

लोक मला विचारतात, नोकरीत काय शिकलात. गुन्हे लोभातून आणि रागातून होतात हे मला माहीत होतं. पण ज्याच्याकडे पैसा आहे, मान आहे, ज्याने जन्मात कुणाला दुखावलं नाही, तो माणूस एका थट्टेने किती आंधळा होतो हे या प्रकरणात बघितलं. ज्या वस्तूमुळे लोक आपल्याकडे वळून बघतात, ती वस्तू आपली आहे असं आपल्याला वाटतं. बघणं लोकांचं असतं. ते बघायचे थांबले की वस्तूचं काही बिघडत नाही, बिघडतं ते मालकाचं. आणि त्याच्या शेजारी बसून जो खरं ओरडून सांगतो, त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं.

कारण खोटी बातमी एसटीने वर डोंगरात गेली होती, दुसऱ्याच दिवशी. खरी बातमी मागून चालत गेली आणि वाटेतच कुठेतरी राहिली. निकालानंतर तीन वर्षांनी मी एका वेगळ्या कामासाठी घाटघरच्या बाजूला गेलो होतो. चहा पिताना सहज ड्रायव्हरची चौकशी केली. चहावाला म्हणाला, "त्यो व्हय? गाडीखाली मानूस घातला त्यो? हितं नाय ऱ्हात आता. पोरीकडं गेला." मी त्याला खरं काय ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आसंल बी. पर त्यो सोता म्हन्ला व्हता ना?"

शेठनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. सहा महिन्यांची साधी कैद आणि दहा हजार दंड झाला, तो त्यांनी अपील न करता भोगला. गाडीचा विमा संपलेला होता, त्यामुळे न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई त्यांनाच द्यावी लागली. परवानगी घेऊन गाडी मुंबईच्या एका हौशी माणसाला एकोणीस लाखांना विकली. त्यातले चौदा लाख चाळीस हजार मयताच्या बायकोच्या खात्यात जमा झाले. भावाने बाजूला काढलेले दोन लाख शेठनी तुरुंगातून सुटल्यावर ड्रायव्हरला देऊ केले. त्याने घेतले नाहीत, म्हणून तेही तिच्याच खात्यात भरले. एकूण सोळा लाख चाळीस हजार. ड्रायव्हरला काही मिळालं नाही.