वाकवून बघितली का?

बाबा अमेरिकेत आमच्याकडे कॅरीला आले आणि तिसऱ्याच आठवड्यात परत जायची भाषा करू लागले. राहायचं ठरलं होतं सहा महिने. आई गेल्यावर पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटे पडले होते, म्हणून मी हट्टाने बोलावून घेतलं होतं. आणि इथे आम्ही दोघं नवरा-बायको सकाळी लॅपटॉप उघडून बसलो की घरात फक्त फ्रिजचा आवाज. "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ," असं ते रोज जेवताना म्हणायचे, मीठ मागावं तसं. मला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा. मला ते हवे होते. पण 'थांबा ना' म्हणायचं सोडून मी त्यांना आणखी एक पोळी वाढायचे.

त्यांना बाहेर जाता येत नाही हेच खरं दुखणं, असं मी ठरवून टाकलं. जन्मभर स्कूटरवर फिरलेला माणूस, आणि इथे कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा जावयाला गाडी काढायला सांगायची! म्हणून मी एक जुनी, पन्नास सीसीची स्कूटर घेतली. आमच्या राज्यात तिला ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही. विकणाऱ्याने त्याच्या अंगणात नुसतं बटन दाबून ती चालू करून दाखवली होती. आमच्या गराजमध्ये आली आणि मुकी झाली.

बटन दाबायच्याही आधी बाबांनी केलं ते पुण्यातल्या त्यांच्या पिढीतला कुणीही करेल तेच. हँडल धरून तिला एका अंगावर चांगली आडवी वाकवली, पेट्रोल कार्बोरेटरमध्ये उतरू दिलं, सरळ केली आणि किक मारली. काही नाही. पुन्हा वाकवली, पुन्हा किक. पेट्रोलचा वास थेट माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

मग माझा नवरा मैदानात उतरला. तो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पाना हातात घ्यायच्या आधी त्याने भिंतीवर व्हाइटबोर्ड लावला. "आधी रूट कॉज शोधू," म्हणाला. त्याचा नागपूरचा मित्र शनिवारी सहज म्हणून आला, दारातूनच त्याने विचारलं, "वाकवून बघितली का?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच वाकवली. दुसरा मित्र मुंबईचा, औषधांच्या कंपनीत संशोधन करणारा. त्याने प्लग काढून बघितला, "ओला आहे" असं गंभीरपणे जाहीर केलं आणि माझ्या हेअर ड्रायरने वाळवला. प्लग परत बसवला आणि मग, अर्थातच, स्कूटर वाकवली.

"यार, ऑटो चोक गेलाय, हंड्रेड पर्सेंट," नागपूरकर म्हणाला.

जुन्या स्कूटरचा चोक हाताने ओढावा लागायचा. हिचा आपोआप चालतो. इंजिन थंड असलं की तो जास्तीचं पेट्रोल देतो, गरम झालं की हळूहळू बंद होतो. त्याला दोन वायरी असतात, आणि वायर दिसल्यावर आमच्या घरातले पुरुष हरखून गेले. चोक काढून बॅटरीला जोडला, तर त्यातली सुई व्यवस्थित पुढे सरकली. म्हणजे चोक ठीक होता. पण व्हाइटबोर्डवर तोवर 'चोक' लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या, त्यामुळे संशय कायम राहिला. पुढच्या शनिवारी कार्बोरेटर उघडला. गिटारच्या तारेने त्यातली बारीक भोकं साफ केली. त्यानंतरच्या शनिवारी पुन्हा उघडला, कारण एक स्प्रिंग जास्तीची उरली होती.

मी चहा करत होते आणि जळत होते. पोहे झाले, मिसळ झाली, एकदा साबुदाण्याची खिचडी. बाबा मध्ये खुर्ची टाकून बसायचे. सगळे "काका, तुमचं ओपिनियन काय?" विचारायचे आणि काका मान डोलावून म्हणायचे, "बघा अजून एकदा वाकवून." तिकिटाची चौकशी मात्र चालूच होती. शेवटी नवऱ्याने पुढच्या महिन्याचं एक तिकीट होल्ड करून ठेवलं.

आणि एका मंगळवारी माझी मीटिंग कॅन्सल झाली, कॉफी घ्यायला खाली आले, तर गराजमधून इंजिनाचा आवाज. छान, एकसुरी. दार उघडलं. गराजचं शटर वर होतं, बाबा हेल्मेट घालून स्कूटरवर बसले होते आणि ती त्यांच्या खाली गुणी बाळासारखी चालत होती. मला बघताच त्यांनी चावी फिरवली.

"बाबा! कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून," ते हेल्मेटच्या आतून म्हणाले.

"काय बिघडलं होतं?"

"काही नाही गं. हिला वाकवायचंच नाही. थंडीचं जास्तीचं पेट्रोल ती आपलं आपण घेते. त्यावर आपण वाकवून आणखी पाजायचं, आणि मग म्हणायचं, हिला ठसका का लागतो. रात्रभर राहू दिली, सकाळी नुसतं बटन दाबलं, की झाली चालू."

"मग सांगितलं का नाहीत? मी दर शनिवारी पोहे करून मरतेय!"

त्यांनी हेल्मेट काढलं. केस उभे राहिले होते. "सांगितलं असतं तर शनिवारी कोण आलं असतं, बाळ?"

मी कॉफी न घेताच वर गेले आणि खोलीचं दार लावून रडले. मी त्यांच्यासाठी बाहेर जायची सोय करत बसले होते. त्यांना कुणीतरी घरात यायला हवं होतं, आणि हे त्यांनी मला नव्हे, एका स्कूटरला सांगितलं होतं. मला त्यांचा राग आला, माझाही आला. कुणालाही काही बोलायचं नाही, एवढं मात्र मी तिथेच ठरवलं.

शनिवारी मंडळी जमली. नवऱ्याने रीतसर घोषणा केली, "अख्खा कार्बोरेटरच नवा ऑर्डर केलाय, चोकसकट. पण तो यायला सहा आठवडे लागतील." मग जरा ओशाळून म्हणाला, "बाबा, तुम्ही तोवर गेलेले असाल."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "काम अर्धवट टाकून जायची मला सवय नाही. ते तिकीट सोडून द्या."

नागपूरकराने टाळ्या वाजवल्या. "क्या बात है काका!" नवरा खुशीत माझ्याकडे वळला. "तू काहीच बोलत नाहीस?"

"सहाच आठवडे?" मी म्हटलं. "नीट बघ ना. अजून एखादा पार्ट खराब असेल."