थोरल्याचा पत्रा

धाकट्याचं नाव निघालं की थोरल्या मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडायची. दोघं भाऊ एकाच बापाच्या हाताखाली ट्रकचं काम शिकले होते. पण धाकट्यानं समोरच गॅरेज थाटलं आणि बघता बघता गिऱ्हाइकं तिकडे वळली.

हिवाळ्यात धाकट्याचं गिऱ्हाईक असलेला एक ड्रायव्हर आपला जुना, पेट्रोलवर चालणारा ट्रक घेऊन थोरल्याकडे आला, तेव्हा थोरल्याला आभाळ ठेंगणं झालं. बॉनेट उघडलं, तर पेट्रोलची नळी आणि तापणारा सायलेन्सरचा पाइप यांच्यामध्ये डब्याचा पत्रा कापून लावलेला, दोन स्क्रूंवर. "काय ही कलाकारी!" म्हणत त्यानं तो काढून भंगारात भिरकावला.

उन्हाळा लागला आणि ट्रक भर दुपारी आचके देऊन बंद पडायला लागला. सकाळी मात्र शहाण्यासारखा चालायचा. थोरल्यानं फिल्टर बदलला, पंप बदलला, टाकी धुतली. शेवटी वैतागून त्यानं नळीवर ओलं फडकं टाकलं, आणि दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. म्हणजे उष्णतेनं नळीतच पेट्रोलची वाफ होत होती. तो पत्रा कशासाठी होता हे तेव्हा कळलं, आणि थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

भंगारातून तोच पत्रा शोधायला काही हात पुढे होईना. त्यानं नवा कापून बसवला.

ड्रायव्हर वाकून बघत म्हणाला, "धाकट्या मिस्त्रींनी लावला होता तसाच की हा!"

"तसाच कसा?" थोरला फणकारला. "त्याला दोन स्क्रू होते. मी तीन लावलेत."