एका शिंकेनं वाचवलेली पुस्तकं

अक्का त्या ग्रंथालयात लागल्या त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून. नजर गेलेल्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारं ते ग्रंथालय. श्रोत्यानं फोन करायचा, ऑपरेटरला पुस्तकाचा क्रमांक सांगायचा, की पुस्तक बोलू लागायचं. पुढे टेलिफोनचा बोर्ड मोडीत निघाला, श्रोते क्रमांक स्वतःच दाबू लागले आणि ऑपरेटरांपैकी दोघी घरी बसल्या. अक्का बसल्या नाहीत. कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला चहा पाजून पाजून त्यांनी त्याची सगळी विद्या काढून घेतली. "त्यानं मला ज्ञान दिलं, मी त्याला ॲसिडिटी दिली," असं त्या सांगायच्या.

वयाच्या पन्नाशीत सर्व्हरच्या खोलीत त्यांचं एकटीचं राज्य होतं. खोलीत दोन सर्व्हर, त्यांची नावं अक्कांनीच ठेवलेली: थोरला आणि धाकटा. पुस्तकं मात्र दोघांपैकी एकाच्याही पोटात नव्हती. ती शेजारच्या कपाटात, सामाईक साठ्यात होती. थोरला आडवा झाला की धाकट्यानं तो साठा स्वतःला जोडून घ्यायचा आणि काम पुढे रेटायचं. साठ्यात दोन डिस्क. एकीवर चालू पुस्तकं, दुसरीवर त्यांची प्रत. दर तीन महिन्यांनी, ठरल्या दिवशी दुपारी दोनला, पहिलीवरचं सगळं जसंच्या तसं दुसरीवर उतरायचं, आणि पहिलीवर जे नसेल ते दुसरीवरून पुसलं जायचं.

घरी अक्कांच्या मोठ्या नणंदबाई होत्या. काचबिंदूनं नजर गेलेली, जीभ मात्र धारदार. या वन्संना रोज दोन प्रकरणं ऐकायची आणि चार चुका काढायच्या एवढाच उद्योग. त्यांच्याच तक्रारीवरून दोन महिन्यांपूर्वी एका प्रवासवर्णनातलं सातवं प्रकरण पुन्हा वाचून घेतलं होतं, कारण वाचणारे गृहस्थ ऐन वादळाच्या वर्णनात सणसणीत शिंकले होते.

प्रत उतरवायच्या ठरल्या दिवशीच सकाळी वायरमननी ग्रंथालयाची वीज तासभर बंद ठेवली. वीज आल्यावर थोरला काही उठेना. धाकटा उठला, त्यानं साठा जोडून घेतला, सगळे दिवे हिरवे झाले. ग्रंथपाल साहेब दारातूनच म्हणाले, "वा! याला म्हणतात तयारी." अक्का खूश झाल्या आणि पावणेदोनला डबा उघडून बसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. वन्सं होत्या.

"अगं, तो परत शिंकला."

"कोण?"

"तुझा तो वादळातला! मी मैत्रिणीला मुद्दाम ऐकवत होते, बघ कशी शिंक काढायला लावली. आणि हा शिंकला की गं! माझं नाकच कापलं."

"वन्सं, ती शिंक आपण काढली. तुम्ही जुनं काहीतरी..."

"माझे डोळे गेलेत, कान नाही गेलेले."

अक्का हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी डबा बाजूला सारला. शिंक आता फक्त एकाच ठिकाणी शिल्लक होती: तीन महिन्यांपूर्वी उतरवलेल्या प्रतीच्या डिस्कवर. म्हणजे धाकटा प्रत वाजवत होता. प्रतीला तो मूळ समजत होता. आणि दोन वाजता तो त्या जुन्या प्रतीवरून मूळ डिस्क 'सुधारणार' होता. त्या तीन महिन्यांत वाचून झालेली एकतीस पुस्तकं पुसून.

"वन्सं, ठेवते!"

खरकट्या हातानं पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा धाकट्यानं आत घेतलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोनला सहा मिनिटं कमी होती, पण धाकट्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे पळत होतं. पुसापुशी सुरू झालेली होती. अक्कांनी ती थांबवली आणि मोजलं. चार पुस्तकं गेली होती.

साहेब धावत आले. "वायरमननी केलं का हे?"

"नाही साहेब, मी केलं. सात वर्षांपूर्वी." अक्कांनी जोडणीची फाईल उघडून दाखवली. "इथे मी लिहिलंय, 'बी' नावाची डिस्क ती मूळ, 'सी' ती प्रत. पण ही नावं डिस्कची नसतातच. सर्व्हर चालू होताना जी आधी ओ देते ती बी, मागून देते ती सी. आजवर दैवानं क्रम बरोबर लागला. आज प्रतीनं आधी ओ दिली."

"मग ओळखायचं कसं?"

"डिस्क तयार करताना तिच्यावरच एक लांबलचक क्रमांक कोरला जातो. ती कुठेही जोडा, कितव्याही नंबरावर येऊ दे, तो बदलत नाही. मला माहीत होता. पण छत्तीस अक्षरं टाइप करायचा कंटाळा केला."

"मग आता करा," साहेब म्हणाले.

त्या दुपारी अक्कांनी दोन्ही सर्व्हरच्या फायलींत ते क्रमांक घातले, अक्षर न् अक्षर तपासून. खाली आणखी दोन नियम लिहिले: तो क्रमांक सापडला नाही तर सेवा सुरूच करायची नाही, चुकीचं वाजवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, आणि एकानं साठा धरलेला असेल तर दुसऱ्यानं हात लावायचा नाही. घड्याळं जुळवली. थोरल्याचा जळालेला भाग दुसऱ्या दिवशी बदलून झाल्यावर साहेबांना बोलावून म्हणाल्या, "आता कपाटाच्या वायरी हव्या तशा उलटसुलट लावा." साहेबांनी लहान मुलासारखी त्यांची पाच वेळा अदलाबदल केली. पाचही वेळा मूळ ते मूळ राहिलं.

चारांपैकी तीन पुस्तकं ध्वनिमुद्रणाच्या कॉम्प्युटरवर मिळाली. चौथं कायमचं गेलं होतं. ते एका निवृत्त बस कंडक्टरनं अकरा दिवस खपून वाचलं होतं. अक्का फोन न करता त्यांच्या घरी गेल्या, चूक कुणाची तेही सांगितलं.

कंडक्टरनी त्यांना बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "बाई, खरं सांगू? त्यातल्या म्हातारीचा आवाज मला पहिल्यांदा साधलाच नव्हता. उद्या किती वाजता येऊ?"