रिकाम्या खुर्चीतले दाजी

आमच्या दाजींना पडद्याचे दोन तुकडे केल्याशिवाय अन्न पचत नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. व्हिडिओ एडिटिंगचं दुकान चालवतात. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. एक कॉम्प्युटर, दोन मॉनिटर आणि पंख्याखाली दाजी. शाळेचं गॅदरिंग असो की फर्निचरवाल्याची जाहिरात, स्प्लिट स्क्रीन हवीच. त्या फर्निचरवाल्याला तर त्यांनी एकाच चित्रात दुकानदारही केलं आणि गिऱ्हाईकही, आणि स्वतःशीच घासाघीस करायला लावली. कॅमेरा स्टँडवर घट्ट लावायचा, हलवायचा नाही, दोनदा शूटिंग करायचं, एकावर एक चढवून वरचं अर्धं पुसायचं आणि मधली कड जरा पुसट करायची. एवढ्या भांडवलावर हे स्वतःला डायरेक्टर म्हणवतात. उथळ पाण्याला खळखळाट फार.

भाचीने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं. मुलगा गुणी, पण पहिल्याच भेटीत दाजींनी त्याला फर्निचरवाला दाखवला. तो बिचारा सहज म्हणाला, "छान आहे. हल्ली फोनवरही होतं हे." झालं! दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणे, ज्याला कलेची कदर नाही त्याच्या घरी माझी मुलगी जाणार नाही. मुलगी गेली. लग्नाला तेवढे हे गेले नाहीत. हॉल दुकानापासून हाकेच्या अंतरावर, तरी महाराज दुकानातच ठाण मांडून बसले. ताईने शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली. कोणी टेकायला आलं की "येताहेत हे" म्हणायची. शूटिंग माझ्या गळ्यात पडलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. लग्न रजिस्टर पद्धतीचं, म्हणून मी कॅमेरा सह्यांच्या टेबलामागे स्टँडवर लावला, म्हणजे सह्या करणारी जोडी आणि मागची पहिली रांग दोन्ही दिसतील, आणि पाहुण्यांचं बघायला गेलो.

त्यानंतर भाचीने माहेरी पाऊल टाकलं नाही. "बाबांनी एकदा फोन करून चुकलं म्हणावं, त्याच दिवशी येते," एवढंच तिचं म्हणणं. ताईने विनवण्या करकरून घसा कोरडा केला. एक दिवस दाजींनी मला दुकानात बोलावलं. मला वाटलं, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. कसलं काय!

"तू कॅमेरा हलवला नव्हतास ना?" त्यांनी विचारलं. "तोच हॉल घेऊ, तीच खुर्ची, सकाळचा तोच उजेड. मी बसतो. तिला कळू दे, बाप होता तिथे."

"होतात कुठे तुम्ही?"

"दिसेन ना! शेवटी तेच राहतं."

"दाजी, त्यापेक्षा फोन करा. दोन शब्दांचं काम आहे."

"तुला नाही कळायचं त्यातलं," दाजी म्हणाले.

ताईच्या तोंडाकडे बघून मी स्टँड लावून दिला. गडी नवा कोट चढवून खुर्चीत बसला आणि समोर कोणी नसताना रुमालाने डोळे पुसू लागला. पहिलं रडणं पसंत पडलं नाही म्हणून पुन्हा रडला. तो रुमाल त्यांच्या तोंडात कोंबावा असं मला फार वाटलं.

बाबांनी बोलावलंय, एवढं ताईने कळवलं आणि त्यावर विश्वास ठेवून पोरगी नवऱ्याला घेऊन वर घरी आली. डोळे आधीच भरलेले. दाजींनी 'ये बाळा' नाही, 'कशी आहेस' नाही, सरळ टीव्ही लावला. काम सफाईदार होतं, हे कबूल करताना माझ्या जिवावर येतं. सह्या चालल्या आहेत, मागे ताई बसली आहे, शेजारी दाजी डोळे टिपताहेत. कुठे कड नाही, सावलीसुद्धा बरोबर पडलेली. जावई मुळातच भला. "कुठे जोडलंय ते कळतच नाही," म्हणाला.

"करून दाखव फोनवर," दाजी म्हणाले.

भाची मात्र टीव्हीच्या जवळ जाऊन उभी राहिली. खूप वेळ बघत होती.

"आई," ती म्हणाली, "सगळे आमच्याकडे बघताहेत. बाबासुद्धा. तू एकटीच सारखी दाराकडे काय बघतेस गं?"

ताई कपबश्या गोळा करत होती. "यांची वाट बघत होते," ती म्हणाली.

आता तरी या माणसाला पाझर फुटेल, असं मला वाटलं. मी पण वेडाच. दाजी डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिले.

"अरे, हे राहिलंच की," ते मला म्हणाले. "हॉल परत घ्यावा लागेल. हिलाही समोर बघत बसवू."

भाचीने चपला घातल्या, जिना उतरून ती गेलीसुद्धा. दाजी तोच सीन मागे नेऊन ताईची मान नेमकी कुठे वळते ते शोधत होते.