गावठी कुत्रीचा विमा

कुत्रीचा विमा काढायचा आहे, असं मी शाळेत मधल्या सुट्टीत बोलून गेले आणि सगळ्यांची दिवसभराची करमणूक झाली. एका सरांनी विचारलं, वारस म्हणून कुणाचं नाव लावणार, मांजरीचं? दुसरे म्हणाले, मॅडम, जमलं तर पेन्शनही बसवून घ्या. मीही हसले, कारण विनोद बरे होते. पण घरी येताना मनाशी पक्कं केलं की आता तर काढायचाच. माझा स्वभावच असा आहे. लग्न करू नकोस असं कुणी म्हटलं असतं, तर मी कदाचित लग्नसुद्धा केलं असतं.

आमची कुत्री गावठी. तांबूस अंगाची, एक कान उभा, एक पडलेला. कळमनुरीच्या आठवडी बाजारातून पिल्लू असताना ती मायच्या मागे मागे घरापर्यंत आली आणि मायने तिला हाकललं नाही. तेव्हा मायला दिसत होतं. पुढे काचबिंदू झाला आणि तिची नजर बाजूंनी मिटत गेली. आता समोरचं थोडंसं धूसर दिसतं, पायाखालचं काहीच नाही. जन्मभर लोकांच्या शेतात कापूस वेचलेली, हळद काढलेली बाई ती, तिला घरात बसून राहणं ठाऊकच नव्हतं. तरी वर्षभर ती बाजेवर बसून होती, रस्त्याने जाणाऱ्यांचे आवाज ओळखत.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर बाज रिकामी. बाहेर धावले तर माय बुद्धविहाराकडून येताना दिसली, कुत्रीच्या पट्ट्याला बांधलेली दोरी हातात धरून, एकटी. नालीपाशी आल्यावर कुत्री तिच्यापुढे आडवी उभी राहिली आणि मायची काठी नालीच्या कडेला लागेपर्यंत जागची हलली नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून दोघी रोज संध्याकाळी वंदनेला जातात. माय आत बसते आणि ती पायरीशी, चपलांजवळ.

गेल्या हिवाळ्यात कुत्री अचानक खाईनाशी झाली. पाणी मात्र सारखं प्यायची. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट चाचपून तिला नांदेडला न्यायला सांगितलं. गर्भपिशवीत पू झाला होता आणि ऑपरेशनची सोय इथे नव्हती. ऑपरेशन, सलाइन, गाडीभाडं यात गच्चीच्या डागडुजीसाठी ठेवलेले पैसे गेले. गच्ची अजून गळते, त्याचं मला काही वाटत नाही. वाटलं ते मायचं. त्या दिवसांत ती पुन्हा बाजेवर बसली. चल, मी नेते विहारात, असं मी म्हटलं तर म्हणाली, तू नेतीस तवा मी पोत्यावाणी जाते. मला लागलं, कारण ते खरं होतं. मी तिला दंडाला धरून नेते आणि मला नेहमी घाई असते.

टाके काढताना नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी कुत्रीचे दात पाहिले आणि म्हणाल्या, ही सहा वर्षांची तरी असेल. विमा काढायचा तर आताच काढा, वय आणखी वाढलं की बऱ्याच कंपन्या नव्याने घेत नाहीत. मला भीती वाटली. पुढच्या आजारपणाला माझ्याकडे गच्चीचे पैसे नसणार होते, आणि कुत्री गेली तर मायच्या संध्याकाळीही जाणार होत्या. पण मला भीती वाटली की मी रडत बसत नाही, कामाला लागते.

साडी घ्यायची तर मी दहा दुकानं फिरते. इथे दुकानं मोबाइलमध्ये होती एवढंच. आधी हप्ता किती ते ठळक अक्षरात दिसायचं आणि काय काय मिळणार नाही ते मुंगीएवढ्या अक्षरात. मी मुंगीएवढं आधी वाचायची सवय लावून घेतली. घरच्या मांजरीचंही विचारून पाहिलं, पण मांजर तर बहुतेकांना नकोच होती. एका ठिकाणी चालत होती, पण तिच्या वंशावळीचा कागद हवा होता. आमच्या मांजरीचा बाप कोण हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण तसा दाखला कोण लिहून देणार? शेवटी तिला विम्यावाचून ठेवलं. तिने त्याची पर्वा केली नाही.

कुत्रीसाठी सगळ्यात स्वस्त पॉलिसी सापडली ती अशी, की ती मेली किंवा चोरीला गेली तर पैसे. दवापाण्याचं काही नाही. माझा धाकटा भाऊ साखरा गावात स्वतःच्या हिमतीवर घेतलेली कोरडवाहू जमीन कसतो. तो त्या दिवशी घरी आला होता, त्याला हीच पॉलिसी पसंत पडली. विमा म्हणजे काय हे त्याला बैलामुळे माहीत होतं. बैलाच्या कानात कंपनीचा बिल्ला मारलेला असतो. त्याचा एक बैल वीज पडून मेला तेव्हा डॉक्टर आले, पंचनामा झाला, आणि बिल्ल्यासकट कानाचा तुकडा कागदांबरोबर जमा करावा लागला. पैसे मिळाले, तो नाही म्हणत नाही. पण मला माझ्या कुत्रीचा कान पुडीत घेऊन कुठल्या टेबलासमोर उभं राहायचं नव्हतं.

"आक्का, हाच घे," तो म्हणाला. "हप्ता कमी हाय. मेली तं पैसे बराबर येतेत. इमा म्हंजे तेच की."

माय बाजेवरून ऐकत होती. "ती मेल्यावर ते पैसे मला विहारात नेतील व्हय?" तिने विचारलं.

भावाने चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा त्या पॉलिसीचं नाव काढलं नाही. माझाही निर्णय तिथेच झाला. मेल्यावरचे पैसे नकोत, जगवायला लागतात ते हवेत.

दवापाण्याचा खर्च देणाऱ्या एका कंपनीचा एजंट घरी आला. माणूस सभ्य, बोलायला गोड. चहा झाला, लसीचं कार्ड पाहून झालं, मग त्याने कुत्रीकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. त्याच्या कंपनीत फक्त उंची जातिवंत कुत्री चालत होती, विकत घेतल्याच्या पावतीसह. पण त्याने वाटही सुचवली. रंग जुळतो आहे, लॅब्राडोर लिहू, पावतीचं मी बघतो.

मी म्हटलं, ही गावठी आहे, गावठीच लिहा.

"मॅडम, गावठीला बाजारात किंमत न्हाई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "किंमतच न्हाई तं इमा कशावर काढू? सगळेच असं लिहून राहिलेत."

मी त्याला विचारलं, उद्या हिचा पाय मोडला आणि तुमचा साहेब हिला बघायला आला, तर तो हिला लॅब्राडोर म्हणेल का? म्हणजे हप्ते भरायचे मी, आणि गरज पडली की खोटं लिहिलं म्हणून दारातून परत फिरायचंही मीच. हा झाला हिशेबीपणा. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या यामुळे नाहीत.

नोकरी लागली तेव्हा पहिल्या गावात मला भाड्याने खोली मिळत नव्हती. आडनाव ऐकलं की खोली आधीच दिलेली असायची. एका सहकारी बाईंनी अगदी मायेने सुचवलं होतं, आडनाव जरा वेगळं सांगा, कोण बघायला येतंय? मी रोज पहाटेच्या एसटीने जाणं-येणं केलं, पावसापाण्यात केलं, पण आडनाव होतं तेच सांगितलं. शेवटी खोली मिळाली ती त्याच आडनावाला मिळाली. आणि आता माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, हा माणूस माझ्या कुत्रीला दुसऱ्याचं नाव घ्यायला सांगत होता. मी त्याला निरोप दिला. दारापर्यंत पोचवायला मात्र कुत्री गेली, तिला कुणाबद्दल मनात ठेवायची सवय नाही.

त्यानंतर मी फोनवरून कंपन्यांचा पिच्छा पुरवला. हिंदीत बोलणाऱ्या पोरींना मी एकच प्रश्न विचारायचे, देसी चलेगा क्या? बऱ्याच ठिकाणी नाही. काही ठिकाणी, मॅडम, होल्ड कीजिए. एका ठिकाणी चालेल म्हणाले. पावतीऐवजी डॉक्टरांचा दाखला पुरणार होता. हप्ता मात्र माझ्या आवाक्याबाहेर होता. मग मी भाजीवालीशी करते तशी घासाघीस केली. चोरीचं कलम काढा म्हटलं, हिला कोण चोरणार, आणि चोरली तरी वंदनेच्या वेळेला परत येईल. मेल्यावरचं कलमही काढा. प्रत्येक बिलाचा पहिला वाटा मी स्वतः भरीन. असं करत हप्ता मला झेपेल इतका खाली आला. गर्भपिशवीच्या आजाराला संरक्षण मिळणार नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. जी पिशवी नांदेडला काढून टाकली तिचं संरक्षण मला नकोच होतं.

मालकाच्या जागी मी मायचं नाव लिहिलं. आता मालकासोबत कुत्रीचा फोटो हवा होता. भाऊ पुन्हा आला होता आणि बैलांच्या फोटोंमुळे तो या कामातला जाणकार होता. त्याने मायला अंगणात उभं केलं, कुत्रीचा उभा कान माझ्या हातातल्या मोबाइलकडे वळवला आणि म्हणाला, "माय, दोरी घट्ट धर अन् इकडं बघ."

"मी काहून घट्ट धरू?" माय म्हणाली. "मी न्हाई धरत तिला. ती धरते मला."

आणि तिने दोरी नेहमीसारखी सैल सोडली. दोरी सैल झाली की कुत्रीला वाटतं निघायची वेळ झाली. ती निघाली, मागून माय निघाली, आणि माझ्या फोटोत दोघींच्या पाठी आल्या. मी हट्टाने तोच फोटो पाठवला. मालकाचा चेहरा दिसत नाही, असा निरोप कंपनीकडून आला. मी पुन्हा तोच पाठवणार होते. तर मायच म्हणाली, तुझं भांडण तिच्या गावठी नावासाठी व्हतं, माझ्या तोंडासाठी व्हतं का गं, पाहू दे की त्यास्नी माझं तोंड.

त्या संध्याकाळी त्या दोघी विहाराकडे निघाल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे धावत गेले आणि रस्त्यात उलटी चालत फोटो काढला. येणारे-जाणारे बघत होते, बघू दिलं. घरी येऊन तो मोठा करून पाहिला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. ज्या बाईला मी लहानपणापासून लोकांच्या शेतात खाली वाकलेलंच पाहिलं, ती त्या फोटोत मान वर करून चालते आहे. पायाखालचं बघायचं काम तिने पुढे चाललेल्या त्या गावठी कुत्रीवर सोडलं आहे. त्याच फोटोवर पॉलिसी आली.